चौखूर

अक्कलकोट रोडच्या शेडमधले चार लूम
भंगारवाल्यानं किलोवर नेले.
काटा हलत होता तेव्हा मी बघितलं नाही.
एक धोटा तेवढा खिशात टाकला,
आणि त्याच पैशातून, आठव्या दिवशी,
दस्तगीर मुलाणीच्या गोठ्यातून
ही कुमैत घोडी आणली.

"नऊ वर्सं टांग्याला पळालीय," दस्तगीर म्हणाला,
"सतरा ढाली. दुडकीत हिच्याम्होरं चाक न्हाई गेलं कुणाचं.
आता डावा गुडघा थंडीत कुरकुरतोय.
बसायला घेताय म्हणता? बसून बघा.
माशीबिगर कोण बसलं न्हाई अजून पाठीवर."

अंबव्वा दारात उभी, हाताला पीठ.
"गुर्रम?" एवढंच म्हणाली,
आणि जरा वेळानं मराठीत,
म्हणजे भांडण खरं होतं:
"मशीन तरी खात नव्हतं."

शेडमध्ये तेलाचे चार काळे चौकोन उरलेत.
त्यातल्या तिसऱ्यावर ती उभी राहते,
आपणहून.

खोगीर टाकलं की ती वळून बघायची.
माझ्याकडे नाही, माझ्याही मागं,
चाकं कुठं गेली ते.
मला त्याचं नवल वाटलं नाही.
लूम गेल्यावर मीही रात्री उठून बसायचो,
काय बंद पडलं म्हणून.

पहिल्याच दिवशी जोडबसवण्णा चौकात
समोर रिक्षा आली, मी लगाम ओढला.
ती सुटली.
अजून ओढला, अजून सुटली.
भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं, "ओ काका, ओ काका!"
कन्ना चौकापर्यंत मी
दोन भाषांतले सगळे देव संपवले.

फोनवर दस्तगीर खोकला येईस्तोवर हसला.
"ओढलं की पळायचं, एवढंच शिकलीय ओ ती.
थांबवायचं असंल तर सोडा."

सोडा.
चाळीस वर्षं मी ताणा बघत आलो.
सैल सूत म्हणजे चादरीला भोक,
सैल हात म्हणजे परत आलेला माल.
बोटांना हे सांगण्यात तीन महिने गेले,
करंगळीला अजून पटलेलं नाही.

पण तिची ती दुडकी!
टक टक, टक टक,
धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं,
मांड्यांतून वर पाठीच्या मणक्यात.
डोळे मिटले तर दुसरी पाळी चालू आहे,
चादरीवरचा मोर मानेपर्यंत आलाय,
आणि कुणीतरी चहा सांगायला गेलंय.

मागच्या रविवारी
होटगीच्या तलावामागं, पाणी हटलेल्या जमिनीवर,
तिला काय दिसलं कुणास ठाऊक,
दुडकी मोडली.
टकटक गेली. आवाजच गेला.
चारी पाय एकदम वर, आणि माझी टोपी,
आणि बाभळी नुसत्या हिरव्या रेघा.
साठाव्या वर्षी माझ्या तोंडातून जे निघालं
ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

मग ती थांबली. मी सोडलं म्हणून नाही.
एकदम थांबली,
कान मागं, मान खाली,
कातडी जागच्या जागी थरथरत.

शर्यतीत चौखूर उधळली की बाद.
नऊ वर्षांत दोनदाच झालं, दस्तगीर बोलला होता.
दोन्ही वळ उजव्या पुठ्ठ्यावर आहेत,
खरारा करताना हाताला लागतात.

मी खाली उतरलो.
काय बोलायचं सुचेना,
म्हणून अंबव्वाशी बोलतो तसं बोललो,
ज्वारीची कडक भाकरी होती ती मोडून दिली.
तिनं आधी हुंगली. मग बराच वेळ कुरुमकुरुम.

टोपी लांब मागं राहिली होती.
लगाम तिच्या मानेवर टाकला
आणि आलो त्या वाटेनं शोधत निघालो.
थोड्या वेळानं पाठीमागं टापा वाजू लागल्या,
सावकाश, एक पाय जरा उशिरा.
मी वळून बघितलं नाही.

टोपी चिखलात सापडली, उलटी.